रथमार्ग आणि राजमार्ग

रस्ता कोणाचा, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटतो. तो सर्वांचा, असें उत्तर कोणीही देईल. परंतु सर्वांची वस्तु एका दिवसापुरती कांहींजणांच्या स्वाधीन करावयाची, तर ती कोणीं करावी, कोणत्या अटीवर करावी आणि परत केव्हां घ्यावी, हा प्रश्न पोरकट नाहीं. आपल्या शहरांत उत्सव, यात्रा किंवा मोठी सभा असली, कीं पोलिसांची अधिसूचना निघते: अमुक रस्ता अमुक वेळेपर्यंत वाहनांस बंद, तेथें पार्किंग करूं नये. ती वाचून कोणी चडफडतो, कोणी मुकाट्यानें मोटार पलीकडच्या गल्लींत नेऊन ठेवतो, आणि दुसऱ्या दिवशीं सर्व विसरतात. या क्षुद्र दिसणाऱ्या कागदामागें मोठा इतिहास आहे, व तो खानदेशांतील धुळें आणि जळगांव या दोन शहरांत चांगला वाचतां येतो.

प्रथम धुळें घेऊं. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर खानदेशचा कारभार कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्या हातीं आला. मुलुखाच्या मध्यावर आणि मुंबई-आग्रा मार्गावर म्हणून त्यानें पांझरेकांठचें धुळें मुख्य ठाणें केलें. तेव्हां तेथील वस्ती जेमतेम अडीच हजार होती. ब्रिग्जनें जुन्या गांवालगत नव्या पेठेची आंखणी केली. सरळ, समांतर आणि आजही क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या धुळ्याच्या गल्ल्या त्या आंखणीची आठवण देतात. बैलगाडीच्या काळांत ती रुंदी उदारच म्हणावयाची. गाडी दाराशीं आली, तरी माल उतरल्यावर बैल गोठ्यांत जात. रस्ता जाण्यायेण्यासाठीं आहे, हें कोणास शिकवावें लागत नव्हतें.

अशा रस्त्यावर हक्कांची पहिली मोठी झटापट झाली, ती वाहनांवरून नव्हे. १८९३ पासून गणेशोत्सवास सार्वजनिक रूप आलें, आणि १८९५ सालीं जुन्या धुळ्यांत मशिदीवरून गणपतीची मिरवणूक जात असतां तंटा पेटला. गोळीबार झाला, माणसें मेलीं. त्या गणपतीस ‘खुनी गणपती’ हें नांव पडलें तें त्यावरून. पण कथा तेथें संपत नाहीं. पुढें त्याच मशिदीच्या दाराशीं मुसलमान मंडळींनीं या गणपतीचें फुलांनीं स्वागत करावें, व तेथें आरती व्हावी, असा प्रघात पडला. तो आजही पाळला जातो. नांव भयंकर राहिलें, आचार स्नेहाचा झाला. रस्ता कांहीं रुंद झाला नव्हता. लोक एकमेकांस वाट देऊं लागले होते.

कायद्यानें हेंच आपल्या रुक्ष भाषेंत सांगितलें. मुंबई इलाख्याच्या १८९० च्या जिल्हा पोलीस कायद्यांत मिरवणुकींस शिस्त लावण्याचे अधिकार होते. १९५१ च्या पोलीस कायद्यांत ते कायम राहिले. १९२४ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें निर्णय दिला, कीं सार्वजनिक रस्त्यावरून धार्मिक मिरवणूक नेण्याचा हक्क आहे. मात्र इतरांच्या नेहमींच्या वापरास बाध येतां कामा नये, आणि मॅजिस्ट्रेटचे कायदेशीर हुकूम पाळले पाहिजेत. म्हणजे मिरवणूक रस्त्याची धनीण नव्हे. ती इतर वाटसरूंसारखीच एक वाटसरू, फक्त फार मोठी.

जळगांवचा दाखला अधिक सौम्य आहे. आगगाडी आणि कापूस यांनीं हें गांव वाढत होतें, त्याच सुमारास, १८७२ सालीं, अप्पा महाराजांनीं श्रीरामाचा रथोत्सव सुरू केला. कार्तिकाच्या शुद्ध पक्षांत आधीं वहनें निघतात, आणि प्रबोधिनी एकादशीस जुन्या जळगांवांतील राममंदिरापासून रथ निघून शहराच्या प्रदक्षिणेस जातो, तो रात्रीं परततो. वाटेंत लालशा बाबांच्या समाधीवर फुलांची चादर चढते. रथास ना लगाम, ना ब्रेक. चाकाखालीं लांकडी मोगरी घालून त्यास वळवावें आणि थांबवावें लागतें. मोगरीवाल्याचा हात चुकला, तर रथ भिंतीवर जाईल किंवा माणसावर. अशा वेळीं वळणावर उभी असलेली एक मोटार ही नुसती अडचण नसते. ती अपघाताची तयारी असते.

पूर्वीं या बंदीस कागद लागत नसे. एकादशी केव्हां, हें पंचांग सांगे. रथ कोणत्या वाटेनें येणार, हें पोरासोरांस ठाऊक असे. दुकानदार आपण होऊन ओटे मोकळे करीत. आतां शेजारीं कालच राहावयास आलेल्या माणसास तिथीही ठाऊक नसते आणि वाटही. म्हणून तिथीची जागा अधिसूचनेनें घेतली. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें कलम ११५ म्हणतें, कीं वाहनांवरील निर्बंध महिन्याहून अधिक काळाचा नसेल, तर राजपत्रांत छापण्याची जरुरी नाहीं. मात्र परिस्थितीप्रमाणें शक्य ती स्थानिक प्रसिद्धी दिली पाहिजे. आमच्या मतें साऱ्या प्रकरणाचें मर्म या उत्तरार्धांत आहे. ही प्रसिद्धी म्हणजे जुनी दवंडीच होय. ज्यास दवंडी ऐकूं आली नाहीं, त्याची गाडी उचलून नेण्यांत अंमल असेल, न्याय नाहीं.

पण गाडीवाल्यानेंही एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दारापुढचा रस्ता मोटार उभी करण्यासाठीं आपणांस मिळाला आहे, ही समजूत अलीकडची आहे. वर्षाचे बाकीचे दिवस ती जागा अडविणारा माणूस एका दिवसाच्या बंदीस जुलूम म्हणतो, तेव्हां तो वहिवाटीस मालकी समजत असतो. आणि उत्सव करणारांनींही तोच आरसा स्वतःपुढें धरावा. रथ दिवसभर शहर अडवितो, तरी पुढें सरकत असतो. त्याच्यामागें रस्ता पुन्हां मोकळा होत जातो. उलट भर रस्त्यांत मांडव ठोकून दहा दहा दिवस बसणारा उत्सव हा उभ्या मोटारीचाच थोरला भाऊ. त्यामुळें आजाऱ्याची गाडी अडली, तर ती कोणत्या देवाच्या नांवें अडली, हें विचारून त्या घरच्यांचें समाधान होणार नाहीं.

तेव्हां अशी बंदी असावी कीं नसावी, असा वाद घालण्यांत अर्थ नाहीं. ती वेळेवर कळविलेली असावी, वाटेपुरती आणि वेळेपुरती असावी, आजारी व अग्निशामक यांस तींतून वाट असावी, आणि ठरल्या घटकेस ती उठावी. एवढें पाळलें, तर धुळ्याच्या गल्लींतला वा जळगांवच्या पेठेंतला गृहस्थ आपली गाडी कुरकुर न करतां हलवील, आणि मग, बहुधा, रथ पाहावयास दारांतही येऊन उभा राहील.