‘कांदाच’ मधला ‘च’ कुठून आला?

लासलगावात सहज कानावर पडेल असं एक वाक्य घ्या: ‘बाजारात आज लिलावाला कांदाच आला, तोही गोल्टीसारखा.’ (गोल्टी म्हणजे बारीक कांदा.) यातला ‘बाजार’ फारसी, ‘लिलाव’ पोर्तुगीज. मग जोर देणारा ‘च’ आणि साम्य दाखवणारा ‘सारखा’ कुठले?

दोन्ही घरचेच. महाराष्ट्री प्राकृतातल्या ‘गाथासप्तशती’त जोर द्यायला ‘च्चिअ’ येतो. १२९० च्या ज्ञानेश्वरीत ‘चि’ दिसतो. आज नुसता ‘च’ उरलाय. ‘सारखा’चंही तसंच: संस्कृत ‘सदृक्ष’, प्राकृत ‘सरिक्ख’, जुन्या मराठीत ‘सारिखा’.

व्यापाराबरोबर नामं पटकन येतात. वाक्य बांधणारे छोटे शब्द सहसा टिकून राहतात. म्हणून भाषेचं नातं शोधताना नुसती नामांची यादी करून भागत नाही.

आणि हो, प्रबंध लिहिताना ‘च’ची जागाही बघा. ‘खतामुळेच उत्पादन वाढलं’ म्हणजे दुसरं कारण नाही. ‘खतामुळे उत्पादन वाढलंच’ म्हणजे वाढ नक्की झाली. अक्षर एकच, पण दावे दोन, आणि दोन्हींना पुरावा वेगळा लागतो.