फिंजानमधला गहवा

भुईगावच्या घरी चहाच. कॉफी शिकलो कुवेतमध्ये, नोकरीच्या पहिल्या वर्षी. पिवळसर, बिनसाखरेचा, वेलदोड्याच्या वासाचा गहवा; पहिला घोट काढ्यासारखा लागला. पुरे झालं की फिंजान, म्हणजे तो इवला कप, हलवून परत द्यायचा, हे कळेपर्यंत पाच प्यालो होतो!

एका म्हाताऱ्या शेजाऱ्याने सांगितलं, लहानपणी तो रुपये मोजायचा. खरंच, १९६१ पर्यंत तिथे रुपयाच चालायचा. १९५९ पासून रिझर्व्ह बँक आखातासाठी वेगळ्या नोटा काढत होती. वेलदोडा तर मूळचा सह्याद्रीतला. कॉफीचं बी उलट्या वाटेने आलं. येमेनहून बाबा बुदन यांनी ते चिकमगळूरला आणलं, असं सांगतात. त्यानंतर गहवा परका वाटेना.

सुट्टीत घरी केला, तर आईने दूध मागितलं.