दोन मतं, दोन खासदार

लोकसभेत महाराष्ट्राचे ४८ खासदार असतात. त्यातल्या ५ जागा अनुसूचित जातींसाठी राखीव (अमरावती, रामटेक, शिर्डी, लातूर, सोलापूर), ४ अनुसूचित जमातींसाठी (नंदुरबार, दिंडोरी, पालघर, गडचिरोली-चिमूर) आणि उरलेल्या ३९ खुल्या. एक मतदारसंघ, एक मत, एक खासदार. शाळेतलं नागरिकशास्त्र इथेच संपतं आणि आपणही पुढे कधी विचारत नाही.

पण मंडळी, पहिल्या दोन लोकसभा निवडणुकांत असं नव्हतं. १९५२ ला लोकसभेच्या ४८९ जागा होत्या आणि मतदारसंघ होते ४०१. हिशेब जुळत नाही ना? कारण ३१४ मतदारसंघ एका खासदाराचे, ८६ मतदारसंघ दोन खासदारांचे आणि बंगालमधला एक चक्क तीन खासदारांचा. करा बेरीज, बरोबर ४८९ येते.

दोन खासदारांच्या मतदारसंघात साधारणपणे एक जागा खुली आणि एक राखीव असायची. मतदार सगळे तेच, आणि प्रत्येकाला दोन मतं. दोन्ही मतं दोन वेगवेगळ्या उमेदवारांना द्यायची, एकालाच दोन्ही देता येत नाहीत. मोजणीचा नियम असा: आधी राखीव जागा भरायची, म्हणजे अनुसूचित जातीच्या (किंवा जमातीच्या) उमेदवारांत ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून आला. मग उरलेल्या सगळ्यांत, जात न बघता, ज्याला सर्वांत जास्त मतं तो दुसरा खासदार. दोन ओळींचं लॉजिक! आणि आमच्या धंद्यातला कोणीही सांगेल की असल्या दोन ओळींच्या कोडमध्येच सगळ्यात जास्त भानगडी दडलेल्या असतात.

हे कुठून आलं ते कळायला थोडं मागे जावं लागेल, येरवड्यापर्यंत. १९३२ च्या जातीय निवाड्यात ब्रिटिशांनी अस्पृश्यांना विभक्त मतदारसंघ देऊ केले होते. त्यात अस्पृश्य मतदाराला दोन मतं मिळणार होती: एक आपला स्वतःचा प्रतिनिधी निवडायला, दुसरं सर्वसाधारण जागेसाठी. गांधीजींचं उपोषण झालं, २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करार झाला. प्रांतिक कायदेमंडळांतल्या राखीव जागा ७१ वरून १४८ झाल्या. पण विभक्त मतदारसंघ गेले आणि ते दुसरं मतही गेलं. आकडा दुपटीहून मोठा झाला, पण त्या जागांवर कोण बसणार हे आता सगळ्यांच्या मतांनी ठरणार. जागा किती, यापेक्षा त्या कोण भरणार हा प्रश्न मोठा आहे असं डॉ. आंबेडकर पुढेही सांगत राहिले. मला विचाराल तर इतिहासाने त्यांचं म्हणणं खरं केलं, आणि तेही त्यांच्याच बाबतीत.

करारानंतर पुढचा वाद मतदानाच्या पद्धतीवरून झाला. एकापेक्षा जास्त जागा असलेल्या मतदारसंघात मतदाराने आपली मतं वाटायचीच, की हवी तर सगळी एकालाच द्यायची? आंबेडकरांचा आग्रह दुसऱ्या पद्धतीचा होता. कारण सरळ आहे. दलित मतदार जवळपास सगळीकडे अल्पसंख्य. त्याने आपली सगळी ताकद एका माणसामागे लावली तरच त्याच्या पसंतीचा माणूस निवडून येणार. सक्तीने मतं वाटायला लावली तर त्याचं एक मत बाहेर जाणार आणि बहुसंख्यांचं एक मत राखीव जागेवर येऊन पडणार. १९३७ च्या मुंबई प्रांताच्या निवडणुकीत त्यांच्या मनासारखी पद्धत होती, मतं एकत्र देता येत होती. त्या निवडणुकीत आंबेडकर मुंबईतून निवडून आले, काँग्रेसचे उमेदवार पाळवणकर बाळू यांना हरवून. (होय, तेच क्रिकेटपटू बाळू! आपला पहिला मोठा डावखुरा फिरकीवाला आंबेडकरांच्या विरोधात उभा होता, हे मला अजूनही एखाद्या सिनेमातल्यासारखं वाटतं.) त्यांचा स्वतंत्र मजूर पक्षही चांगल्या जागा घेऊन आला.

मधली वर्षं भराभर सांगतो. १९४६ ला संविधान सभेत मुंबई प्रांतातून जाणं आंबेडकरांना जमलं नाही. जोगेंद्रनाथ मंडल यांच्या मदतीने ते बंगालमधून गेले. फाळणी झाली आणि ती जागा गेली. मग बॅ. मु. रा. जयकरांच्या राजीनाम्याने रिकामी झालेली मुंबईची जागा त्यांना काँग्रेसच्या पाठिंब्याने मिळाली. म्हणजे ज्या माणसाने मसुदा समितीचं अध्यक्षपद सांभाळलं, त्याला सभागृहात बसायला जागा मिळवताना दोनदा खटपट करावी लागली होती.

आता येऊ जानेवारी १९५२ वर. महाराष्ट्र नावाचं राज्य तेव्हा नव्हतंच. मराठी माणूस तीन राज्यांत वाटलेला: इकडचा मुंबई राज्यात (लोकसभेच्या ४५ जागा, त्यात गुजरात आणि कर्नाटकाचाही भाग), मराठवाडा हैदराबाद राज्यात आणि विदर्भ मध्य प्रदेशात. आंबेडकर मुंबई शहर उत्तर या दोन खासदारांच्या मतदारसंघातून राखीव जागेसाठी उभे राहिले. त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची समाजवादी पक्षाशी युती होती, खुल्या जागेवर अशोक मेहता. समोर काँग्रेसची जोडी: विठ्ठल बाळकृष्ण गांधी आणि राखीव जागेवर नारायण सदोबा काजरोळकर. शिवाय कम्युनिस्टांकडून कॉम्रेड डांगे.

निकाल बघा. गांधी १,४९,१३८. मेहता १,३९,७४१. काजरोळकर १,३८,१३७. आंबेडकर १,२३,५७६. डांगे १ लाखाच्या आत. निवडून आले गांधी आणि काजरोळकर. मेहतांना काजरोळकरांपेक्षा जास्त मतं असूनही ते पडले, कारण एक जागा राखीव होती. आणि राखीव जागेवर आंबेडकर १४,५६१ मतांनी पडले.

संविधानाच्या शिल्पकाराला संविधानानुसार झालेल्या पहिल्याच निवडणुकीत हरवलं, एवढं वाक्य आपण सगळ्यांनीच कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. पण कसं हरवलं हे कोणी सांगत नाही. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची, तिच्यावर त्याचं चिन्ह (काँग्रेसची बैलजोडी, फेडरेशनचा हत्ती). मतदाराला दोन मतपत्रिका मिळायच्या, त्या दोन वेगळ्या पेट्यांत टाकायच्या. दोन्ही एकाच पेटीत टाकल्या तर एकच धरायची, दुसरी बाद. या मतदारसंघात हजारो मतपत्रिका बाद झाल्या. याला आपल्याकडे फार नेमका शब्द आहे: मत कुजवणं. आपल्या माणसाला एक द्यायचं आणि दुसरं कोणालाच मिळू द्यायचं नाही. डांग्यांच्या बाजूने मतं कुजवण्याचा प्रचार झाला अशी तक्रार होती. आंबेडकर आणि मेहता दोघांनी मिळून निकालाविरुद्ध याचिका केली. ती फेटाळली गेली.

आता थोडी आकडेमोड, त्याशिवाय मला चैन पडणार नाही. समजा १९३७ सारखी दोन्ही मतं एकालाच द्यायची मुभा १९५२ ला असती. आंबेडकरांना मत देणाऱ्यांपैकी दर आठांतल्या एकाने जरी दुसरं मतही त्यांनाच दिलं असतं तर सुमारे साडेपंधरा हजार मतं वाढली असती आणि काजरोळकर मागे पडले असते. काँग्रेसच्या मतदारालाही तीच मुभा असती हे खरं. पण काजरोळकरांना दोन देणारा गांधींचं एक कापणार होता, तेव्हा काँग्रेसला तो उद्योग परवडण्यासारखा नव्हता. म्हणजे उमेदवार तेच, मतदार तेच, एक ओळ बदलली की खासदार बदलण्याची शक्यता. १९३७ आणि १९५२ मध्ये देश बदलला होता, लाट बदलली होती, सगळं मान्य. तरी ती एक ओळ बदलली होती हेही विसरू नये.

त्यानंतर ते मुंबई राज्यातून राज्यसभेवर गेले. १९५४ मध्ये भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा लोकसभेसाठी उभे राहिले. भंडारा तेव्हा मध्य प्रदेशात. पुन्हा दोन जागा, पुन्हा जोडीला अशोक मेहता. कार्यकर्त्यांचं म्हणणं होतं की या वेळी आपणही दुसरं मत कुजवू, फक्त बाबासाहेबांना एक मत द्यायचं. आंबेडकरांनी ते मानलं नाही, दुसरं मत मेहतांना द्या म्हणाले. ही हकीकत आंबेडकरी चळवळीत आजही सांगतात. निकाल? मेहता निवडून आले. आंबेडकर काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजारांनी पडले. लोकसभेत ते कधीच गेले नाहीत. ६ डिसेंबर १९५६ ला गेले तेव्हा ते राज्यसभेचे सदस्य होते.

गंमत म्हणजे तीन महिन्यांतच याच पद्धतीने उलटा निकाल दिला. १९५७ ला द्वैभाषिक मुंबई राज्य, लोकसभेच्या ६६ जागा आणि संयुक्त महाराष्ट्राचं वातावरण पेटलेलं. समितीत कम्युनिस्ट, समाजवादी, शेकाप आणि फेडरेशन सगळे एकत्र. मुंबई शहर मध्य हा दोन जागांचा मतदारसंघ. तिथून निवडून कोण आलं? खुल्या जागेवर कॉम्रेड डांगे आणि राखीव जागेवर फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने! पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यात मतं कुजवण्यावरून कोर्टबाजी झाली, त्यांच्याच मतदारांनी एकमेकांच्या पेट्या भरल्या. गिरणी कामगाराचं दुसरं मत मान्यांना, दलित वस्तीतलं दुसरं मत डांग्यांना. दादासाहेब गायकवाड नाशिकमधून आणि बी. सी. कांबळे कोपरगावातून त्याच वर्षी लोकसभेत गेले. दोन मतांची पद्धत युतीला बक्षीस देते आणि एकट्याला शिक्षा, असं माझं मत झालंय. १९५२ लाही युती होती म्हणा, पण ती वरच्या वर झालेली. १९५७ ची रस्त्यावर झालेली होती.

मग ही पद्धत गेली कशी? त्यासाठी आंध्रात जावं लागेल, कारण लोकसभेच्या निवडणुकीचा कायदा एकच, तो बदलला की सगळीकडे बदलतो. १९५७ लाच पार्वतीपुरम या दोन जागांच्या मतदारसंघात एक जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव होती. खुल्या जागेवर काँग्रेसचे उमेदवार व्ही. व्ही. गिरी, नेहरूंच्या मंत्रिमंडळात कामगारमंत्री राहिलेले, पुढे १९६९ ला राष्ट्रपती झाले तेच. राखीव जागा आदिवासी उमेदवारांत सर्वांत जास्त मतं मिळवणाऱ्याला गेली. आणि उरलेल्यांत पहिला आला तोही आदिवासीच, डिप्पल सूरि डोरा. गिरी ५६५ मतांनी मागे. नियमाप्रमाणे दोन्ही खासदार आदिवासी! गिरींनी भांडण सुप्रीम कोर्टापर्यंत नेलं. १९५९ मध्ये कोर्टाने सांगितलं की यात काही गैर नाही. राखीव जागा ही किमान हमी आहे, कमाल मर्यादा नव्हे. आदिवासी उमेदवाराला खुली जागा जिंकायला कोणी अडवलेलं नाही.

आणि १९६१ ला संसदेने कायदा करून दोन जागांचे मतदारसंघ रद्द केले. तेव्हा असे ९१ मतदारसंघ होते. अधिकृत कारण: हे मतदारसंघ फार मोठे, प्रचार अवघड, खर्च जास्त. कारण खोटं नाही, दुप्पट मतदारांपर्यंत पोचायचं म्हणजे त्या काळात जीपगाड्यांचा आणि पायांचा जीव जायचा. पण कोर्टाचा निकाल १९५९ चा आणि कायदा १९६१ चा, हा निव्वळ योगायोग मानायला मी तयार नाही. मोठ्या मतदारसंघाचा त्रास १९५२ लाही तेवढाच होता.

प्रत्येक मतदारसंघाचे दोन तुकडे झाले, एक खुला आणि एक राखीव. १९६२ ला नव्या महाराष्ट्राने पहिल्यांदा स्वतःचे खासदार पाठवले, ४४. त्यातले ४१ काँग्रेसचे. फेडरेशनच्या जागी आलेल्या रिपब्लिकन पक्षाचा महाराष्ट्रातून एकही नाही. उत्तर प्रदेशातून मात्र पक्षाचे तीन खासदार आले! राज्य मिळाल्यावर समितीची गरज संपली होती, रिपब्लिकन पक्ष फुटला होता, यशवंतरावांचा जोर होता. सगळा दोष नव्या पद्धतीवर टाकता येत नाही. पण एक फरक मोठा पडला. आता कुठल्याही पक्षाला खुल्या आणि राखीव उमेदवाराची जोडी लावायची गरज उरली नाही. राखीव तुकड्यात सगळ्याच पक्षांचे उमेदवार दलित, मग निर्णय बहुसंख्य बिगरदलित मतांवर. आणि खुल्या तुकड्यात दलिताला उभं राहायला बंदी नाही, फक्त तिकीट कोणी देत नाही.

अपवाद घडला १९९८ ला. काँग्रेसशी समझोता करून रिपब्लिकन नेते चार ठिकाणी लढले: अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. चारही जागा तेव्हा खुल्या आणि चौघेही जिंकले. ती लोकसभा वर्षभरात बरखास्त झाली. १९९९ ला आठवले पुन्हा निवडून आले ते पंढरपुरातून, राखीव जागेवर. आणि गवईंनी खुली असताना जिंकलेली अमरावती २००८ च्या पुनर्रचनेत राखीव झाली.