ब्राउझर बदलताना सोबत काय येतं आणि मागे काय राहतं?

नवा ब्राउझर डाउनलोड करायला पाच मिनिटंही लागत नाहीत. गाडी अडते ती दुसऱ्या दिवशी. वीजबिल भरायला साइट उघडली, तर पासवर्डचा रकाना रिकामा. तेव्हा लक्षात येतं की हा पासवर्ड आपल्याला कधी पाठच नव्हता, सात-आठ वर्षं ब्राउझरच तो भरत होता. मग घाईघाईत जुना ब्राउझर उघडला जातो आणि नव्याचा आयकॉन डेस्कटॉपवर तसाच पडून राहतो.

बऱ्याच लोकांचं ब्राउझर बदलणं इथेच संपतं. नवा ब्राउझर वाईट असतो म्हणून नाही, तर जुन्यात काय काय साठलंय हे आधी तपासलेलं नसतं म्हणून.

मुळात बदलायचं कशासाठी?

ब्राउझर बदलणं काही नवीन नाही. सायबर कॅफेच्या काळात इंटरनेट म्हणजे इंटरनेट एक्सप्लोररचा निळा 'ई' असं समीकरण होतं. नोव्हेंबर २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली, सप्टेंबर २००८ मध्ये क्रोम आला आणि लोक हळूहळू तिकडे वळले. १५ जून २०२२ ला मायक्रोसॉफ्टने इंटरनेट एक्सप्लोरर निवृत्तच केला.

आता क्रोम सोडायचा विचार करणाऱ्यांची कारणं वेगळी आहेत. एक्स्टेन्शनचे नियम बदलल्यामुळे 'युब्लॉक ओरिजिन' हा लोकप्रिय ॲड-ब्लॉकर २०२४-२५ मध्ये क्रोममध्ये बंद पडला, फायरफॉक्समध्ये मात्र तो चालू राहिला. काहींना आपली माहिती एकाच कंपनीकडे जायला नको असते. काहींचा कॉम्प्युटर जुना असतो. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ होती, त्यापुढे अपडेट नाही.

निवड करण्याआधी एक गोष्ट माहीत हवी. नावं बरीच असली तरी इंजिनं मोजकीच आहेत. एज (जानेवारी २०२० पासून), ऑपेरा, ब्रेव्ह, विवाल्डी आणि झोहोचा 'उला' हे सगळे क्रोम ज्यावर बनलाय त्याच क्रोमियमवर उभे आहेत. त्यामुळे क्रोमवरून यांच्याकडे जाणं सोपं असतं, साइट सारख्याच दिसतात आणि बहुतेक एक्स्टेन्शनही चालतात. फायरफॉक्सचं इंजिन वेगळं, सफारीचं वेगळं. भारतात आयफोनवर तर कोणताही ब्राउझर घेतला तरी आत इंजिन सफारीचंच असतं.

सहज येणाऱ्या गोष्टी

बुकमार्कची काळजी सोडा. जवळपास प्रत्येक ब्राउझरच्या सेटिंग्जमध्ये 'इम्पोर्ट'चा पर्याय असतो. तो चालला नाही तर जुन्या ब्राउझरमधून बुकमार्कची एचटीएमएल फाइल काढून नव्यात टाकता येते. गंमत म्हणजे या फाइलच्या पहिल्या ओळीत आजही नेटस्केपचं नाव असतं. तो ब्राउझर इतिहासजमा झाला, पण त्याची फाइलची पद्धत सगळ्यांनी उचलली.

हिस्टरी येते, पण क्रोम ती साधारण ९० दिवसांचीच ठेवतो. 'मागच्या वर्षी वाचलेला तो लेख' त्यात सापडणार नाही.

उघडे टॅब येतीलच असं नाही. त्यावर सोपा उपाय आहे. जुन्या ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डी ही बटणं एकत्र दाबली की सगळे टॅब एका फोल्डरमध्ये बुकमार्क होतात. मग बुकमार्कसोबत तेही नव्या घरी पोहोचतात.

खरी अडचण लॉगिनची

जुन्या ब्राउझरमध्ये बऱ्याच साइट कायम लॉगिन असतात. ते काम कुकीजचं असतं आणि कुकीज सहसा सोबत येत नाहीत. म्हणजे नव्या ब्राउझरमध्ये जवळपास सगळीकडे पुन्हा लॉगिन करावं लागतं. इथे पासवर्ड सोबत आला असला तरी भागत नाही. साइटला उपकरण अनोळखी वाटतं आणि ती ओटीपी मागते. तो ओटीपी जातो खातं उघडताना दिलेल्या मोबाइल नंबरवर, आणि तो नंबर कदाचित दोन सिमकार्डांपूर्वीचा असतो.

हा सगळ्यात मोठा धोका आहे. बंद केलेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्या कुणाला दिला जात नाही, त्यानंतर मात्र दिला जाऊ शकतो. तुमचा ओटीपी मग एखाद्या अनोळखी माणसाच्या फोनवर वाजेल. म्हणून ब्राउझर बदलण्याआधी, जुन्यात लॉगिन चालू असतानाच, ईमेल, फेसबुक, इन्स्टाग्राम, बँक आणि भविष्यनिर्वाह निधीच्या खात्यातला नंबर तपासून घ्यावा. आतून नंबर बदलणं सोपं असतं. बाहेर पडल्यावर तेच काम कस्टमर केअर आणि कागदपत्रांवर जातं. घरातल्या मोठ्यांचा कॉम्प्युटर 'नीट करून देताना' तर हे आधी बघावं, कारण त्यांच्या खात्यांना अनेकदा मुलाचा किंवा सुनेचा जुना नंबर दिलेला असतो.

पासकी वापरत असाल तर आणखी एक गोष्ट. पासवर्ड फाइलमधून बाहेर काढता येतात, पण त्या फाइलमध्ये पासकी नसते. ती गूगलच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये किंवा ॲपलच्या कीचेनमध्येच राहते. नव्या ब्राउझरला ती वापरता आली नाही, तर त्या साइटवर एकदा दुसऱ्या मार्गाने लॉगिन करून नवी पासकी बनवावी लागते.

ती सीएसव्ही फाइल

पासवर्ड थेट आले नाहीत, तर जुन्या ब्राउझरमधून सीएसव्ही फाइल काढावी लागते. या फाइलला कुलूप नसतं. नोटपॅडमध्ये उघडली तरी साइटचं नाव, युजरनेम आणि पासवर्ड ओळीने दिसतात. ती व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवू नये, ईमेलला जोडू नये. गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्हशी जोडलेल्या फोल्डरमध्ये ठेवली तर तिची प्रत क्लाउडवरही जाते. काम झालं की फाइल डिलीट करावी आणि रिसायकल बिनही रिकामा करावा. नेटकॅफे किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवर हे करूच नये.

जुना ब्राउझर साफ करताना

इम्पोर्ट म्हणजे फक्त प्रत काढणं. जुन्या ब्राउझरमधले पासवर्ड तिथेच राहतात. ॲप अनइन्स्टॉल केलं तरी, सिंक चालू असेल तर सगळं गूगल किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात शाबूत असतं.

पण उलटी चूक जास्त महागात पडते. सिंक चालू ठेवून कॉम्प्युटरवरचे बुकमार्क किंवा पासवर्ड पुसले, तर ते फोनवरूनही जातात. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. एका ठिकाणी केलेला बदल ते इमानेइतबारे सगळीकडे पोहोचवतं, पुसण्याचासुद्धा. म्हणून आधी त्या उपकरणावर साइन आउट करावं, मग साफसफाई. आणि तीही लगेच नको. महिनाभर दोन्ही ब्राउझर ठेवले की महिन्यातून एकदाच लागणाऱ्या साइटही तपासून होतात.

काही जुन्या सरकारी आणि कंपन्यांच्या आतल्या साइट इंटरनेट एक्सप्लोरर डोळ्यासमोर ठेवूनच बनल्या होत्या. अशी साइट अडली तर एजमधला 'आयई मोड' उपयोगी पडतो. तेवढ्यासाठी एज ठेवायला हरकत नाही.

फोनवर काय होतं?

फोनमध्ये नवा ब्राउझर घेतल्यावर सेटिंग्जमध्ये 'डीफॉल्ट ॲप्स'मध्ये जाऊन तो निवडावा लागतो, नाहीतर लिंक जुन्याच ब्राउझरमध्ये उघडत राहतात. पासवर्ड भरून देणारी सेवा कोणती हे ॲन्ड्रॉइडवर वेगळं निवडायचं असतं, ब्राउझर बदलल्याने ती आपोआप बदलत नाही.

फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरच्या लिंकचं तर आणखी वेगळं. तिथे लिंकवर टिचकी मारली की पान बहुतेकदा ॲपच्या आतल्याच ब्राउझरमध्ये उघडतं. तुमचा ॲड-ब्लॉकर, तुमचे पासवर्ड, तुम्ही निवडलेल्या सेटिंग्ज तिथे लागू होत नाहीत. पानाच्या कोपऱ्यातल्या तीन टिंबांच्या मेनूत लिंक बाहेरच्या ब्राउझरमध्ये उघडण्याचा पर्याय असतो. पैसे भरायचे असतील किंवा पासवर्ड टाकायचा असेल, तर आधी तो निवडावा.

शेवटचं काम फोनवरूनही होतं. गूगल खात्याच्या सुरक्षा विभागात तुम्ही साइन इन असलेल्या उपकरणांची यादी असते. जुन्या ऑफिसचा कॉम्प्युटर किंवा विकून टाकलेला फोन अजून त्या यादीत दिसला, तर तिथूनच साइन आउट करता येतं.