मिठाच्या कढईतून घरात आलेली ऊब

ऑस्ट्रियातलं एबेन्झे हे मिठाच्या कारखान्याचं गाव. डोंगरातून आणलेलं खारं पाणी तिथे मोठाल्या कढयांत उकळत ठेवत. पाण्याची वाफ होऊन गेली की मीठ उरायचं, पण त्यापायी सरपण अफाट जळायचं. पेटर फॉन रिटिंगर या खाण-अभियंत्याला त्या वाफेचं वाया जाणं खटकलं. जिच्यासाठी एवढं जाळलं, ती हवेत का सोडायची? १८५०च्या दशकात त्याने एबेन्झेला एक यंत्र उभं केलं. वाफ दाबली की तिचं तापमान चढतं. चढलेल्या तापमानाची तीच वाफ त्याने पुन्हा खारं पाणी उकळायला वापरली. वाफ दाबायला ताकद होती वाहत्या पाण्याची. आज युरोपात घराबाहेर, भिंतीलगत पंखा फिरवत बसलेल्या हीट पंपाचा मूळपुरुष हाच.

यंत्रात मिठाचे थर धरू लागले आणि एबेन्झेचा प्रयोग रखडला. पुढे १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बे इथल्या मिठाच्या कारखान्यात हीच कल्पना चालून दाखवली गेली.

यामागचं शास्त्र तोवर तयार झालं होतं. १७५६ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम कलनने निर्वातात ईथर उडवून कृत्रिम थंडी निर्माण करून दाखवली होती. १८२४ मध्ये सादी कार्नोने उष्णता आणि यांत्रिक काम यांचा हिशेब मांडला, तर १८३४ मध्ये जेकब पर्किन्सने लंडनला बर्फ करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. यातले कलन आणि पर्किन्स थंडीच्या मागे होते. पण जिथून उष्णता काढली तिथे गारवा येतो आणि जिथे नेऊन टाकली तिथे ऊब, हे एकाच यंत्राचे दोन परिणाम. विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्ये इमारती तापवणं आणि थंड करणं या दोन्हींचा विचार एकाच निबंधात केला. बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणली तर थेट जाळण्यापेक्षा कितीतरी कमी इंधन पुरेल, असा त्यांचा दावा होता.

दावा बरोबर होता, फक्त कोळसा स्वस्त होता. त्यामुळे पुढची सत्तर-ऐंशी वर्षं फ्रिजचा वंश वाढत गेला आणि घर तापवणारी शाखा तशीच राहिली.

ती वाढली टंचाईच्या दिवसांत. झुरिकचा सतराव्या शतकातला टाउन हॉल लिमाट नदीच्या पात्रातच उभा आहे. १९३८ मध्ये एशर विस कंपनीने तिथे नदीच्या पाण्यातून उष्णता खेचणारा हीट पंप बसवला. कोळसा बाहेरून आणाव्या लागणाऱ्या, पण जलविद्युत मुबलक असलेल्या देशाला हे परवडणारं होतं. तो पंप २००१ पर्यंत टिकला. दुसरं महायुद्ध संपता संपता इंग्लंडमधल्या नॉरिच शहराचे विद्युत अभियंता जॉन समनर यांनी मिळतील ते जुने सुटे भाग जमवून वेन्सम नदीवर असाच पंप जोडला आणि आपल्या खात्याची इमारत तापवली. एक युनिट वीज घालून तीन युनिटांहून जास्त उष्णता त्यांना मिळत होती.

१९५१ मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलसाठी थेम्सच्या पाण्यावर याहून कितीतरी भव्य यंत्रणा उभारली गेली. ती बंद पडली, पण बिघाडामुळे नव्हे. दिव्यांची आणि प्रेक्षकांच्या अंगाची उष्णता हिशेबात नीट धरली गेली नव्हती, त्यामुळे पंप गरजेपेक्षा फार मोठा निघाला. ही चूक आजही घरोघर होते. 'थोडा मोठाच बसवा, थंडीची धास्ती नको' म्हणून घेतलेला पंप सतत चालू-बंद होत राहतो, त्यात वीज जाते आणि वायू दाबणारा कॉम्प्रेसर लवकर झिजतो.

१९७३च्या तेलसंकटानंतर स्वीडनसारखे देश या यंत्राकडे गंभीरपणे वळले. १९८७च्या माँट्रियल करारानंतर अशा पंपांत फिरवले जाणारे, ओझोन विरळ करणारे वायू मागे पडले. आता घरगुती पंपांत प्रोपेनही येऊ लागला आहे. नॉर्वेतल्या ड्रामेन शहरात अमोनियावर चालणारे पंप फ्योर्डच्या आठ-नऊ अंशांच्या पाण्यातून उष्णता घेऊन ९० अंशांपर्यंतचं पाणी शहराला पुरवतात. २०२२ मध्ये रशिया-युक्रेन युद्धाने गॅस महागला आणि युरोपात हीट पंपांची मागणी एकदम उसळली.

विहीर जितकी खोल तितकी पाणी उपसायला वीज जास्त. हीट पंपात विहिरीच्या खोलीच्या जागी तापमानातला फरक धरायचा. बाहेर शून्य अंश असताना पाणी ३५ अंशांपर्यंत तापवायचं असेल, तर कार्नोच्या हिशेबाने एका युनिट विजेत जास्तीत जास्त ८.८ युनिट उष्णता मिळू शकते. तेच पाणी ५५ अंशांवर न्यायचं तर ६. प्रत्यक्षातल्या यंत्राच्या हाती साधारण याच्या निम्मं लागतं. म्हणून गॅस बॉयलर काढून, जास्त गरम पाणी लागणाऱ्या त्याच जुन्या लहान रेडिएटरांना पंप जोडला की बिल पाहून माणूस कपाळाला हात लावतो. रेडिएटर मोठे घ्यावेत, जमल्यास फरशीखालच्या नळ्यांतून उष्णता द्यावी, आणि पंप कमी तापमानावर बराच वेळ, संथपणे चालू द्यावा. सकाळी तासभर कडक तापवून बंद करण्याची बॉयलरची सवय इथे महागात पडते.

बाहेरच्या युनिटला मोकळी हवा लागते. दिसायला बरं नाही म्हणून त्याला पेटीत कोंडलं, तर ते आपलीच गार हवा पुन्हा ओढत बसतं. हिवाळ्यात त्याच्यावर जमलेलं हिम ते स्वतःच वितळवतं. ते पाणी पायवाटेवर गोठणार नाही असा निचरा हवा. प्रोपेन ज्वालाग्राही आणि हवेपेक्षा जड असल्याने त्यावर चालणारं युनिट दारं, खिडक्या, गटारांची तोंडं यांपासून उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावरच ठेवावं लागतं.

महाराष्ट्रात घर तापवायची वेळ क्वचितच येते. इथे हा पंप हॉटेलं, रुग्णालयं, वसतिगृहं यांच्या गच्चीवर आंघोळीचं पाणी तापवताना दिसतो आणि हिटरच्या तुलनेत बरीच वीज वाचवतो. ब्रिटनमधल्या मराठी कुटुंबांपुढे मात्र जुना बॉयलर काढायचा का, हा खरा प्रश्न आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी ७,५०० पौंडांपर्यंत सरकारी अनुदान मिळू शकतं. पण अनुदानाआधी फटी बुजवा, माळ्यावर उष्णतारोधक थर घाला आणि प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते याचा लेखी हिशेब मागा. तो न करता नुसत्या चौरस फुटांवरून पंपाचा आकार सांगणाऱ्या माणसाला काम देऊ नका.