जीपचे बॉनेट उंच का झाले?

दुसऱ्या महायुद्धातील विलिस जीप आणि मुंबईत महिंद्राने बनवलेली सीजे-३बी यांची छायाचित्रे शेजारी शेजारी ठेवली, तर एक फरक लगेच डोळ्यांत भरतो. सपाट मडगार्ड तेच, उघडी बैठक तीच. बॉनेट मात्र चांगलेच उंच. अनेकांना ते बेढबही वाटते. त्यामागचे कारण इंजिनाच्या सिलिंडर हेडमध्ये आहे. हा धागा त्या हेडविषयी.

१९३८ मध्ये अभियंते डेल्मार ‘बार्नी’ रूस विलिस-ओव्हरलँडमध्ये आले, तेव्हा कंपनीचे चार सिलिंडरचे जुने इंजिन जेमतेम ४८ अश्वशक्ती देत होते. रूस यांनी त्याचा एकेक भाग सुधारत ते ६० पर्यंत नेले. युद्धातल्या जीपचे ‘गो डेव्हिल’ इंजिन ते हेच.

पण त्याची एक मर्यादा होती. दोन्ही व्हॉल्व्ह सिलिंडरच्या कडेला, ब्लॉकमध्येच बसवलेले. हेड म्हणजे वरचे केवळ एक जाड झाकण. पेट्रोल-हवेचे मिश्रण खालून वर यायचे, झाकणाखाली वळायचे, आडवे सरकायचे आणि मग कुठे सिलिंडरमध्ये शिरायचे. शिवाय दोन व्हॉल्व्ह एकाच अरुंद जागेत, म्हणून त्यांचा आकारही वाढवता येत नसे. फेरे वाढले की इंजिनाला दम लागे.

अशा वेळी मिस्त्री लोकांचा जगभरचा स्वस्त उपाय म्हणजे हेड घासणे. हेडची खालची बाजू थोडी तासली की ज्वलनाची जागा घटते आणि दाब वाढतो. मात्र या जातीच्या इंजिनात त्याच घासण्याने व्हॉल्व्हवरची वाटही अरुंद होते. दाब मिळतो, श्वास कोंडतो. आणि हलक्या प्रतीच्या पेट्रोलवर इंजिन नॉक करू लागते.

विलिसने वेगळा मार्ग धरला. १९५० मध्ये आलेल्या ‘हरिकेन’ इंजिनात सिलिंडरची मापे जुनीच राहिली: व्यास ७९.४ मिलिमीटर, दट्ट्याची धाव १११.१ मिलिमीटर, क्षमता २१९९ घनसेंटिमीटर. एक्झॉस्ट व्हॉल्व्हही ब्लॉकमध्येच राहिले. इनलेट व्हॉल्व्ह तेवढे मोठे करून वर हेडमध्ये नेले, त्यांना पुशरॉड आणि रॉकर दिले. इनलेट मॅनिफोल्ड तर हेडच्या ओतकामातच सामावला. दाबाचे प्रमाण ६.४८ वरून ६.९ झाले. शक्ती ६० वरून ७२ अश्वशक्तीवर गेली.

दोन्ही व्हॉल्व्ह वर का नेले नाहीत? ते अधिक शुद्ध अभियांत्रिकीचे ठरले असते. पण मग खालचा ब्लॉकही नव्याने आखावा लागला असता. ही तडजोड होती आणि शहाणपणाची होती. तिची किंमत उंचीत मोजावी लागली. नवे हेड जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ च्या सीजे-३बीचे बॉनेट वर उचलले गेले.

के. सी. महिंद्रा इंडिया सप्लाय मिशनचे प्रमुख म्हणून अमेरिकेत असताना त्यांची रूस यांच्याशी भेट झाली, असे कंपनीचा इतिहास सांगतो. १९४५ मध्ये ‘महिंद्रा अँड मोहम्मद’ या नावाने सुरू झालेली ही कंपनी. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले आणि १९४८ मध्ये नाव ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाले. आधी सुटे भाग आणून जोडणी, मग परवान्याखाली निर्मिती, असा उंच बॉनेटच्या जीपचा इकडचा प्रवास.

जालन्यासारख्या भागात या हेडचा खरा कस लागला. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, १९५६ पासून मुंबई राज्यात, १९६० पासून महाराष्ट्रात आणि १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा: राज्यकारभार बदलत गेला, काळी माती तीच राहिली. भोकरदन असो की परतूर, पावसाळ्यात कच्च्या वाटेवरचा चिखल चाकाला लोण्यासारखा लपेटतो. तिथे वेगाचा उपयोग नसतो. लागतो तो कमी फेऱ्यांवरचा जोर, म्हणजे टॉर्क. जाहिरातीत मिरवायला १२ अश्वशक्तीची वाढ बरी, पण चिखलातून निघताना कामी येणारा आकडा दुसराच: २००० फेऱ्यांवर टॉर्क १४२ वरून सुमारे १५५ न्यूटन-मीटर. वाढ नऊ टक्क्यांची, तीही त्याच ब्लॉकमधून. तहसील, पाटबंधारे, आरोग्य, पोलीस अशा खात्यांची गाडी म्हणजे जीप, हे समीकरण राज्यभर रूढ झाले त्यात या आकड्याचाही वाटा आहे.

देखभाल करणाऱ्याला मात्र दुहेरी काम. इनलेटचे चार टॅपेट वरचे झाकण काढले की हाताशी. एक्झॉस्टचे चार ब्लॉकच्या कुशीत, बाजूच्या झाकणामागे.

१९७३ च्या तेलसंकटाने या हेडचे दिवस फिरवले. पेट्रोल महागले आणि जीपमध्ये डिझेल इंजिने बसू लागली. गावोगाव प्रवासी कोंबून धावणाऱ्या काळी-पिवळी जीप पुढे डिझेलवरच चालल्या. पेट्रोलचे ते हेड मागे पडले. त्याच्यासाठी उचललेले बॉनेट मात्र सीजे मालिकेच्या डिझेल जीपवरही तसेच उंच राहिले.