नळाचं पोतं

आमच्या खानापूर तालुक्यात उन्हाळ्यात माठाला ओलं फडकं गुंडाळतात. नवऱ्याचं गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं दुकान श्रीनगरात, म्हणून २००३ च्या डिसेंबरात मी तिथं गेले. घरमालकीण, ज्यांना आम्ही आपा म्हणायचो, अंगणातल्या नळाला गोणपाट गुंडाळत बसल्या होत्या. मी आपली गावाकडच्या सवयीनं दुसरं पोतं भिजवून नेलं. त्यांनी ते हातातून काढून घेतलं आणि म्हणाल्या, ‘बेटी, सूखा. बिलकुल सूखा.’

ओलं फडकं वाळताना माठाची उष्णता ओढून घेतं, म्हणून पाणी गार होतं. नळाला नेमकं उलटं हवं असतं. आपा आधी भाताच्या पेंढ्याची दोरी वळून ती पाइपवर जवळजवळ लपेटत, वर गोणपाट, त्यावर जुन्या फेरनचा, म्हणजे लोकरी झग्याचा तुकडा, आणि सगळ्यात वर पाणी शिरू नये म्हणून प्लास्टिक. पेंढ्यात अडकलेली कोरडी हवा थंडीला अडवते. पोतं एकदा भिजलं की ते स्वतःच गोठतं आणि नळाला बर्फाचं आवरण चढतं. काश्मिरात पूर्वी याच भाताच्या पेंढ्याचं पादत्राण करून लोक बर्फात चालत, त्याला पुलहोर म्हणतात. आपांच्या सासूबाईंनी ते घातलेलं होतं. पायाला जमलं तेच नळाला, इतकी सरळ ती विद्या.

नळ यायच्या आधी शहराला ही चिंता नव्हती. पाणी झेलमचं, यारबलवर म्हणजे नदीच्या घाटावर उतरून भरायचं. पण त्याच नदीत सांडपाणीही जायचं. १८९२ साली पटकीनं श्रीनगरात हजारो माणसं गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हारवनच्या तलावातलं स्वच्छ पाणी नळांनी शहरात यायला लागलं. ज्या डोंगरातून ते पाणी येतं तो दाचीगामचा मुलूख १९१० मध्ये काश्मीरच्या महाराजांनी राखीव केला. आज लोक तिथं हंगुल हरणं बघायला जातात. राखीव करण्यामागं शहराच्या पाण्याचा विचार होता, हे मला फार मोलाचं वाटतं. माझ्या माहेरी टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या बाईला तरी ते कळेल.

जमिनीतल्या मोठ्या नळाला मातीची ऊब मिळते. अडचण असते ती जमिनीतून वर येऊन तोटीपर्यंत जाणाऱ्या हात-दोन हात पाइपची. श्रीनगरच्या नोंदींतला सगळ्यात थंड आकडा, उणे १४.४ अंश, जानेवारी १८९३ चा, म्हणजे नळाच्या आगेमागेचाच. पटकीपासून सुटका देणारं पाणी हिवाळ्यात जपायचं काम तेव्हापासून बायांच्या अंगावर आलं, असं मी समजते. त्या हात-दोन हात पाइपची बखर कुणी लिहिली नाही.

२१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, म्हणजे सगळ्यात कडाक्याची थंडी. त्या आधी पोतं बांधलेलंच हवं. पाण्याचा बर्फ होताना ते साधारण नऊ टक्के फुगतं. बर्फाची गुठळी आणि बंद तोटी यांच्यामध्ये कोंडलेल्या पाण्यावर दाब वाढतो आणि पाइप फाटतो. कळतं मात्र ऊन पडल्यावर, बर्फ वितळून भिंतीवरून धार लागली की. म्हणून रात्री तोटी जराशी सोडून ठेवायची, वाहतं पाणी सहजी गोठत नाही. हे माझ्या हातानं कधी धड झालं नाही. थेंब थेंब सांडताना ऐकलं की झोप यायची नाही. मी खाली घागर ठेवायचे आणि रात्रीतून दोनदा उठून ती बदलायचे.

आमच्या धंद्यालाही पाणी लागतंच. तेजाबात चांदी विरघळली की तळाशी राहिलेलं सोनं पुन्हा पुन्हा धुवावं लागतं. विटा, आटपाडी, तासगावच्या दुष्काळी गावांतून निघून गलाईवाले देशभर पसरले. श्रीनगरातले त्यातले थोडेच, पण नळ गोठला की त्यांच्या भट्ट्या पेटूनही सोनं अडकून राहायचं.

१४ जानेवारी २०२१ ला, ऐन संक्रांतीला, उणे ८.४ अंश झालं. तीस वर्षांतली सगळ्यात थंड रात्र, असं बातम्यांत सांगत होते. गल्लीत जागोजागी लोक नळाखाली कागद पेटवून बसले होते. लोखंडी पाइपला अशी एकाएकी आच देणं धोक्याचं. आपांनी कोमट पाण्यात भिजवून पिळलेलं फडकं तोटीला लावलं, मग हळूहळू खालच्या बाजूला सरकवत नेलं. तोटी उघडीच ठेवलेली. अर्ध्या तासानं आत खुळखुळ झाली, मग खरवडल्यासारखा आवाज आला आणि पाणी आलं. त्या पहिल्या घागरीच्या पाण्यावर मी तिळाच्या वड्यांचा गूळ वितळवला. ओलं पोतं आपांनी लगेच उतरवलं आणि बुखारीपाशी, म्हणजे खोलीतल्या शेगडीपाशी वाळत टाकलं.

आता दुकानात फोमच्या काळ्या नळ्या मिळतात, पाइपवर नुसत्या चढवायच्या. चांगल्या आहेत, मीही वापरते. तोटीच्या वाकणापाशी मात्र त्या नीट बसत नाहीत, तिथं पेंढ्याची दोरीच लागते. फेब्रुवारीच्या शेवटी पोतं सोडलं की आतला पेंढा आम्ही उन्हात पसरतो, कोरडा आणि पिवळा निघाला तेवढा निवडून माळ्यावर ठेवतो. काळा पडलेला गायीवाल्याला अंथरायला जातो.